लघुपट गोष्ट कशी सांगतो : पेडणे-डिचोलीच्या निमित्ताने

नाट्यमय लघुपट एका माणसाच्या आयुष्यातला एकच पेच हाती घेतो आणि काही मिनिटांत तो शेवटाला नेतो. किती लांबीपर्यंतच्या चित्रपटाला लघुपट म्हणायचे याचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. ऑस्करसाठी श्रेयनामावली धरून चाळीस मिनिटांची मर्यादा आहे. रचनेतला फरक मात्र सगळीकडे सारखाच आढळतो. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला उपकथानके, दुय्यम पात्रांचे भूतकाळ, गाणी, मध्यंतर हे सारे परवडते. लघुपटाला एक पात्र, त्याच्यापुढची एक अडचण आणि तिच्यामुळे त्याच्यात पडलेला एक फरक एवढ्यावर उभे राहावे लागते. लांब चित्रपटातला एखादा ढिला प्रसंग प्रेक्षक विसरून जातो. वीस मिनिटांच्या लघुपटात ढिले गेलेले एक मिनिटही लपत नाही.

गोव्याच्या प्रेक्षकाला या प्रकाराची ओळख मुख्यतः आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने करून दिली. २००४ पासून हा महोत्सव पणजीत भरतो आणि त्यातल्या ‘इंडियन पॅनोरमा’च्या कथाबाह्य विभागात लघुपटही दाखवले जातात. २०१८ साली या विभागाची सुरुवातच गोव्याचे दिग्दर्शक आदित्य सुहास जांभळे यांच्या ‘खरवस’ या मराठी लघुपटाने झाली. त्याआधी त्यांनी ‘आबा... ऐकताय ना?’ हा लघुपट केला होता. पेडणे तालुक्यातल्या मोरजीचे लक्ष्मीकांत शेटगांवकर हेही ‘एका सागर किनारी’ या लघुपटानंतर पूर्ण लांबीच्या चित्रपटाकडे वळले. त्यांच्या ‘पलतडचो मुनिस’ या कोकणी चित्रपटाला २००९ मध्ये टोरोंटोच्या महोत्सवात समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पुरस्कार मिळाला.

पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या उत्तरेचे तालुके. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले, म्हणजे बार्देश-सासष्टीनंतर सुमारे अडीच शतकांनी. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. त्यामुळे इथली देवळे, त्यांचे उत्सव आणि उत्सवांतली मराठी नाटके, कीर्तने टिकली. पेडण्यात दशावतारी काला आजही रंगतो. आधी आडदशावतारात गणपती, सरस्वती, संकासुर येऊन जातात. मग पुराणातल्या एखाद्या कथेचे आख्यान लागते आणि ते पहाटेपर्यंत चालते. लिखित संहिता नसते. कथेचा सांगाडा ठरलेला असतो, संवाद नट रंगमंचावर उभ्या-उभ्या रचतो. पेटी, मृदंग आणि झांज त्याला साथ देतात. स्त्री-भूमिका पुरुषच करतात. डिचोलीच्या गावांत देवळाच्या उत्सवाला गावकऱ्यांनी बसवलेले मराठी नाटक ठरलेलेच असते.

या मातीतून कॅमेऱ्याकडे वळणाऱ्या माणसाला गोष्ट रंगवण्याचा सराव आयता मिळतो. त्याचबरोबर एक सवयही मिळते आणि ती लघुपटाला भारी पडते. रंगमंचावर गोष्ट शब्दांवर चालते. शेवटच्या रांगेत, मांडवाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला नटाचे डोळे दिसत नाहीत, म्हणून दुःखही बोलून दाखवावे लागते. कॅमेरा मात्र पापणीची हालचालही टिपतो. तिथे पात्राने ‘मला फार वाईट वाटते’ असे सांगितले की प्रेक्षकाने स्वतः ओळखण्याजोगे काही उरत नाही. गावपातळीवरचे पुष्कळ लघुपट नेमके इथेच अडतात. त्यांतली पात्रे सतत बोलतात आणि कॅमेरा त्यांच्यासमोर प्रेक्षकासारखा बसून राहतो. लघुपटाचे तंत्र समजून घ्यायचे तर बोलण्याचे हे काम इतर कोणाकोणाकडे सोपवता येते, ते पाहावे लागते.

एक कल्पित कथाबीज घेतले तर हे नीट दिसेल. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. त्याआधी २०१२ मध्येही खाणी बंद पडल्या होत्या. डिचोलीत खनिज वाहणारे ट्रक अनेक घरांनी कर्ज काढून घेतले होते. समजा, लघुपटाचा नायक असाच एक ट्रकमालक आहे. हा विषय पूर्ण लांबीच्या चित्रपटात आला तर खाणीची सुरुवात, भरभराट, न्यायालय, मोर्चे, बँकेची नोटीस, घरातली भांडणे असे सारे दाखवता येईल. लघुपटाने मात्र त्यातला एकच धागा उचलायचा. खाण बंद झाल्यावरही हा माणूस रोज सकाळी दारात उभ्या असलेल्या ट्रकचे इंजिन दहा मिनिटे चालू ठेवतो. बॅटरी उतरू नये, गाडी तयार राहावी, एवढेच कारण. तो कोणत्या सकाळी आणि का थांबतो, हा लघुपटाचा विषय.

पटकथेचा पहिला निर्णय सुरुवातीचा. लघुपट शक्य तितका उशिरा सुरू करावा, असे पटकथा शिकवणारे सांगतात. म्हणजे खाण बंद होण्याच्या दिवसापासून सुरू करण्याऐवजी, चाकांवर वेल चढू लागल्यापासून सुरू करायचे. मागचे सगळे प्रेक्षक त्या वेलीवरून ओळखतो. दुसरा निर्णय काय गाळायचे याचा. बँकेच्या माणसाबरोबरचा प्रसंग लिहायला सोपा आणि बसवायला सोपा, म्हणून बहुतेकांना तो हवासा वाटतो. पण भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली, न उघडलेली पाकिटे तेच काम दोन सेकंदांत करतात. तिसरा निर्णय फरकाचा. शेवटी माणूस तोच राहिला तर ते फक्त परिस्थितीचे चित्र होते. फरक मोठा असायला हवा असे नाही. चावी स्वतःच्या खिशात न ठेवता ती मुलाच्या हाती देणे एवढाही पुरतो.

सत्यजित राय यांचा ‘टू’ हा १९६४ सालचा लघुपट यासाठी वारंवार पाहण्यासारखा आहे. त्यात एकही संवाद नाही. मोठ्या घरातला खेळण्यांनी वेढलेला मुलगा वरच्या खिडकीत आहे आणि खाली मोकळ्या जागेत झोपडीतला मुलगा आहे. खालचा बासरी वाजवतो, वरचा खेळण्यातला कर्णा फुंकून त्याला गप्प करतो. खालचा ढोलके आणतो, वरचा ढोल वाजवणारे माकड चालू करतो. शेवटी खालच्याने उडवलेला पतंग वरचा मुलगा बंदुकीने फाडतो. प्रत्येक खेळीला उत्तर, प्रत्येक उत्तराने ताण थोडा वाढलेला, आणि शेवटी जिंकणाऱ्याचाच पराभव. चढत्या संघर्षाची रचना इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी फिल्म सापडणे कठीण. गरिबी-श्रीमंतीवर कोणी एक शब्द बोलत नाही. खिडकीची उंची ते काम करते.

मराठीत नागराज मंजुळे यांच्या ‘पावसाचा निबंध’मध्ये कथनाची वेगळी युक्ती आहे. शाळेत मुलाला पावसावर निबंध लिहायला सांगितले जाते. वर्गातल्या निबंधातला पाऊस आनंददायी आणि हिरवागार. मुलाच्या घरी तोच पाऊस छपरातून गळतो, आणि दारू पिऊन भर पावसात पडलेल्या बापाला घरी आणायचे काम घरच्यांवर येते. निबंध आणि वास्तव शेजारी ठेवले आहेत, त्यांच्यातला विरोध कोणी बोलून दाखवत नाही. ‘पिस्तुल्या’ या त्यांच्या आधीच्या लघुपटातही शाळेची ओढ आणि पोटासाठीची चोरी यांमध्ये सापडलेला मुलगा आहे. दोन्ही ठिकाणी लहान मुलाचा दृष्टिकोन निवडल्याने स्पष्टीकरणाची गरजच संपते, कारण मूल समाजावर भाष्य करत नाही, फक्त पाहते आणि वाट काढते.

लघुपटात एखादी वस्तू बहुधा पात्राइतकीच महत्त्वाची असते. उमेश कुलकर्णी यांच्या राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या ‘गिरणी’ या लघुपटात घर चालवण्यासाठी आई पिठाची गिरणी घेते. मुलाला सुरुवातीला त्या यंत्राचे अप्रूप वाटते. हळूहळू त्याचा आवाज, त्याचे पीठ, त्यापायी होणारी चेष्टा त्याचे बालपण व्यापून टाकते. वस्तू तीच राहते, तिच्याकडे पाहण्याची मुलाची नजर पालटते, आणि कथानक म्हणजे तो पालट. ‘खरवस’मध्ये नवजात मूल गमावलेल्या आईची गोष्ट आहे. गाय व्याल्यावरच्या पहिल्या दुधाचा पदार्थ शीर्षकात ठेवल्याने जनावराचे आणि बाईचे आईपण प्रेक्षक आपणहून शेजारी ठेवतो. वस्तू निवडताना ती त्या घरात खरोखर असेल का, हे आधी पाहावे लागते. केवळ प्रतीक म्हणून आणून ठेवलेली वस्तू लगेच ओळखू येते. डिचोलीच्या त्या ट्रकमालकाच्या घरी ट्रकच्या जुन्या ताडपत्रीने झाकलेली लाकडे असणे स्वाभाविक आहे. ती ताडपत्री एकदा सहज दिसली आणि शेवटाकडे पुन्हा वेगळ्या कामासाठी दिसली, की तिला अर्थ मिळतो.

कॅमेऱ्याचा पहिला प्रश्न अंतराचा असतो. लांबून घेतलेल्या शॉटमध्ये माणूस त्याच्या जागेचा भाग दिसतो, जवळून घेतलेल्यात जागा नाहीशी होते आणि चेहरा उरतो. डिचोलीत हा निर्णय फारच मोलाचा आहे, कारण तिथली जागाच गोष्ट सांगते. शिरगावच्या बाजूला खाणीचे पायऱ्या-पायऱ्यांचे खड्डे, त्यांत साठलेले पाणी, शेजारी मातीचे डोंगर आणि त्यांना लागून भातशेती, हे सारे एका चौकटीत येते. त्या चौकटीत माणूस लहानसा दिसला की त्याची हतबलता वेगळी सांगावी लागत नाही. मात्र लांब शॉट घेऊन लगेच चेहऱ्यावर झेप घेतली तर दोन्ही वाया जातात. क्लोज-अप जपून वापरायचे साधन आहे. वीस मिनिटांत तो दोनदा किंवा तीनदाच आला तर प्रेक्षक त्या क्षणी पुढे सरकून बसतो.

दुसरा प्रश्न उंचीचा आणि हालचालीचा. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवला की मोठ्यांची डोकी चौकटीबाहेर जातात आणि त्यांचे फक्त हात व आवाज उरतात. हातात धरलेला कॅमेरा अस्वस्थता आणतो, तिवईवरचा स्थिर कॅमेरा पात्राला चौकटीत अडकवून ठेवू शकतो. ट्रकमालक रोज तीच कृती करतो, म्हणून रोज तोच स्थिर शॉट, त्याच जागेवरून, घेणे योग्य ठरेल. मग ज्या सकाळी तो इंजिन चालू करत नाही, त्या सकाळी चौकट तीच असूनही तिच्यातली पोकळी जाणवते. पुनरावृत्ती हे लघुपटाचे फार समर्थ आणि बिनखर्चाचे तंत्र आहे.

‘पलतडचो मुनिस’ पूर्ण लांबीचा असला तरी जागेच्या वापरासाठी इथे आठवतो. महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात गोव्याच्या सीमेवरच्या जंगलात एकटा राहणारा वनरक्षक एका वेड्या बाईला आसरा देतो. गाव देऊळ बांधण्यात गुंतलेले आहे आणि त्या बाईला माणूस मानायला तयार नाही. जंगल आणि गाव यांच्यामधला पूल हीच कथेची सीमारेषा. कोण कुठल्या बाजूला उभा आहे हे पाहिले की कोणाची बाजू कुठली, हेही कळते. लघुपट करणाऱ्याला यातून घेण्यासारखे हेच की स्थळ आधी नीट पाहावे आणि गोष्टीतला संघर्ष त्या स्थळाच्या रचनेवर बसतो का ते शोधावे. पेडण्यात अशा सीमा पुष्कळ आहेत. तेरेखोलची नदी आणि तिच्या पलीकडे एकटाच उरलेला गोव्याचा गाव, मांद्रे-हरमलच्या किनाऱ्यावरची हॉटेले आणि मागची कुळागरे, मोपाच्या पठारावरचा विमानतळ आणि पायथ्याची शेती.

प्रकाशाचा विचार इथे पावसाशी जोडलेला असतो. जून ते सप्टेंबर ढगाळ उजेड मऊ आणि सावलीविना पसरतो. चेहरे त्यात चांगले दिसतात, पण प्रकाश तासातासाला बदलतो आणि सलग वाटायला हवे ते दृश्य तुकड्यातुकड्यांचे दिसू लागते. मार्च-एप्रिलमध्ये डिचोलीची तांबडी धूळ उन्हाला रंग देते. खाण चालू असतानाचे आणि बंद असतानाचे गाव तर झाडांच्या पानांवरूनही वेगळे दाखवता येते. चालू काळात पाने तांबूस, बंद काळातल्या पहिल्या पावसानंतर हिरवी. ट्रकमालकाच्या गोष्टीत हिरवळ परत येणे हीच वाईट बातमी ठरते, आणि निसर्गसौंदर्याचा असा उलटा उपयोग लघुपटाला खोली देतो.

आवाजाकडे नवोदितांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि लघुपट कसलेला आहे की कच्चा हे बहुधा आवाजावरूनच कळते. ‘पावसाचा निबंध’साठी अविनाश सोनवणे यांना ध्वनिलेखनाचा (ऑडिओग्राफी) राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे यासंदर्भात ध्यानात घ्यावे. पाऊस पडद्यावर एकसुरी होऊ नये म्हणून कौलावरचा, पत्र्यावरचा, चिखलातला, पानांवरचा असे पावसाचे वेगवेगळे आवाज हवेत. ‘गिरणी’त यंत्राची घरघर कथानकच पुढे नेते. ट्रकमालकाच्या गोष्टीत इंजिनाचा आवाज घराच्या दिनक्रमाचा भाग झालेला असेल. तो चालू असताना बायको चुलीजवळ आवाज चढवून बोलते. एक दिवस ती सवयीने मोठ्याने बोलते आणि तिचे शब्द शांत घरात नको इतके मोठे ऐकू येतात. इंजिन बंद आहे हे प्रेक्षकाला तिथे कळते, ट्रक न दाखवताही. पडद्याबाहेरच्या आवाजाने गोष्ट सांगणे म्हणतात ते हे.

पार्श्वसंगीताचा मोह आवरणे अवघड असते. बासरी किंवा व्हायोलिनचा करुण सूर लावला की प्रसंग भरल्यासारखा वाटतो, पण तो सूर प्रेक्षकाला काय वाटावे याचा हुकूम देतो. देवळातला चौघडा, दूरच्या काल्याची पेटी, विमानाची घरघर हे त्या जागेचेच आवाज आहेत आणि संगीताची जागा ते भरून काढू शकतात. मोपाहून जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी उड्डाणे सुरू झाल्यापासून पेडण्यात शांत दृश्याचे चित्रीकरण विमानांच्या वेळा पाहून करावे लागते. अशी अडचण कथेत सामावून घेणारा दिग्दर्शक ध्वनिमुद्रकाचा त्रास वाचवतो आणि काळाची खूणही मिळवतो.

संवादाची भाषा हा या भागात तंत्राचाच प्रश्न आहे. पेडण्याच्या घरात मालवणीकडे झुकणारी कोकणी बोलतात, देवळात आणि नाटकात मराठी येते, बँकेचे पत्र इंग्रजीत असते. नाटकाच्या सवयीने सगळ्या पात्रांना प्रमाण मराठीत बोलायला लावले की घर नाटकाच्या पडद्यासारखे सपाट दिसते. उलट घरात बोली, आरतीत आणि उत्सवाच्या तालमीत मराठी अशी वाटणी ठेवली, तर माणूस कुठे मोकळा आणि कुठे अवघडलेला आहे हे भाषेवरूनच कळते. मग संवाद कमी आणि तुटक असले तरी चालते.

दशावतारातले नट कॅमेऱ्यासमोर आले की दिग्दर्शकाला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्यांचा आवाज आणि हातवारे मोठ्या मांडवाच्या मापाचे असतात, ते कमी करायला वेळ लागतो. पण संहितेशिवाय प्रसंग उभा करण्याची त्यांची तयारी दुर्मीळ आहे. पाठ केलेली वाक्ये न देता फक्त परिस्थिती समजावून सांगितली, समोरचा नट काय करणार हे लपवून ठेवले आणि कॅमेरा दूर ठेवला, तर त्यांचे उत्स्फूर्त प्रतिसाद अस्सल उतरतात. नट ऐकत असताना त्याचा चेहरा टिपणे हे बोलतानाच्या चेहऱ्यापेक्षा बहुतेक वेळा अधिक मोलाचे ठरते.

संकलनात या सगळ्या तुकड्यांचा अर्थ ठरतो. १९२०च्या आसपास रशियन दिग्दर्शक लेव कुलेशॉव यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाटीनंतर, कधी शवपेटीनंतर, कधी एका स्त्रीनंतर जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्यात भूक, शोक, अभिलाषा दिसली. चेहरा बदलला नव्हता, शेजार बदलला होता. ट्रकमालकाचा शांत चेहरा वेलीनंतर येतो की मुलाच्या वह्यांनंतर, यावर प्रेक्षक त्याच्या मनात काय वाचेल ते ठरते. म्हणून त्या नटाकडून रडण्याची अपेक्षा धरणे अनावश्यक आहे. शॉट किती वेळ टिकवायचा हेही संकलकाच्या हातात असते. कृती संपल्यावर दोन-तीन सेकंद कॅमेरा थांबला तर प्रेक्षक विचार करू लागतो. दहा सेकंद थांबला तर त्याला दिग्दर्शकाची उपस्थिती जाणवू लागते.

शेवट कुठे करायचा, हा संकलनाचाच अखेरचा निर्णय. चित्रीकरणात घेतलेला शेवटचा प्रसंग पुष्कळदा काढून टाकावा लागतो, कारण त्याआधीच्या प्रसंगात गोष्ट पूर्ण झालेली असते. ट्रकमालकाने चावी मुलाकडे दिल्यानंतर ट्रक विकला जाण्याचा प्रसंग जोडला, तर माहिती वाढते आणि परिणाम कमी होतो. समाजाला संदेश देणारी पाटी किंवा निवेदन शेवटी जोडण्याची स्पर्धांमधली प्रथा तर लघुपटाला हमखास इजा करते.

पाहणाऱ्याला हे सारे तपासायचे असेल, तर एकच लघुपट तीन वेळा पाहणे उपयोगी पडते. पहिल्यांदा न थांबता, फक्त प्रेक्षक म्हणून. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तरी गोष्ट कळली तर चित्रांनी आपले काम केले आहे. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकत. तेव्हा संवादांशिवाय काय-काय ऐकू येते याची यादी करावी. त्यानंतर प्रत्येक दृश्य एका ओळीत लिहून त्यासमोर ते काढले तर काय बिघडेल, हे नोंदवत जावे. ‘टू’ अशा रीतीने पाहिला तर त्यातले एकही दृश्य काढता येत नाही.